काना, वेलांटी आणि एक आडवी रेघ: मराठी टायपरायटरच्या विचित्र बटणांची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘म्हणजे’, ‘अ‍ॅक्च्युअली’ आणि मध्येच वाजलेला कुकर काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसं.)

आजचा भाग एका फोनपासून सुरू करतो.

गेल्या जुलैत रात्री साडेअकराला नांदेडहून माझ्या हॉस्टेलच्या मित्राचा फोन आला. आडनाव कऱ्हाळे. पहिलं नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. त्याच्या धाकट्या बहिणीला ॲडमिशनसाठी एक प्रमाणपत्र हवं होतं. ऑनलाइन अर्ज भरला आणि तो परत आला. कारण काय, तर अर्जदाराचं आडनाव वडिलांच्या नोंदीशी जुळत नाही. मुदत संपायला तीन दिवस राहिले होते.

“अबे, दोन्हीकडं कऱ्हाळेच हाय. मी धा वेळा वाचलं. तू सॉफ्टवेअरवाला ना, बघ की जरा.”

मी म्हटलं, दोन्ही ठिकाणचं आडनाव कॉपी करून पाठव. आलं. बघितलं तर खरंच, डोळ्यांना काडीचाही फरक नाही. मग सवयीप्रमाणे दोन ओळींचा कोड लिहून लांबी मोजली. एक आडनाव ७ अक्षरचिन्हांचं निघालं आणि दुसरं ८. ते आठवं चिन्ह स्क्रीनवर दिसतच नव्हतं.

ते आठवं चिन्ह आलं कुठून, हे शोधत मी मागे मागे गेलो आणि शेवटी पोचलो आईच्या टायपरायटरपाशी. तोच प्रवास आज सांगतो.

[०३:१०] विचित्र बटणामागे एक अडचण असते

मला मेकॅनिकल कीबोर्डचा नाद आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. जुने कीबोर्ड बघताना मी आधी त्यांची विचित्र बटणं बघतो. कारण असं प्रत्येक बटण कुणाची तरी अडचण सोडवायला आलेलं असतं.

उदाहरणं देतो. जुन्या कित्येक इंग्रजी टायपरायटरवर १ आकड्याचं बटणच नसायचं. स्मॉल एल आणि एक दिसायला सारखेच, मग वेगळं बटण कशाला? टायपिस्ट एल मारून मोकळे. १८७४ सालच्या पहिल्या रेमिंग्टनवर फक्त कॅपिटल अक्षरं होती. १८७८ च्या दुसऱ्या मॉडेलमध्ये शिफ्ट आलं आणि एकाच बटणावर दोन अक्षरं बसायला लागली. ते शिफ्ट आज तुमच्या फोनवर बाण होऊन बसलंय.

व्हिम वापरणाऱ्यांनो, तुमचा कर्सर एच-जे-के-एल ने का हलतो? बिल जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करायचा, त्याच्या त्या चार बटणांवरच बाण छापलेले होते. टर्मिनल भंगारात गेलं, बोटांची सवय राहिली.

आपल्याकडचं बघा. इथल्या इंग्रजी टायपरायटरवर ‘आर-एस’ ही जोडी, म्हणजे रुपयाची खूण, एकाच बटणावर असायची. तिचं वेगळं चिन्ह आजही युनिकोडमध्ये आहे. नंतर १५ जुलै २०१० ला ₹ आला. मेडिकलच्या दुकानात, काउंटरवर कटकट कटकट वाजणारा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड ऐकलाय ना? तोही मेकॅनिकल. जुन्या गोल्डमध्ये चेरी कंपनीचे निळे स्विच असायचे. जो स्विच आज आपण ऑनलाइन शोधत बसतो, तो लातूरच्या मेडिकलवाल्या काकांच्या बोटाखाली कित्येक वर्षं होता.

पण या सगळ्यांपेक्षा विचित्र बटणं होती मराठी मशीनवर.

[०६:४०] ९२ जागा आणि आपली बाराखडी

आधी हिशेब करू. आपल्याकडच्या मोठ्या टायपरायटरवर साधारण ४६ बटणं. शिफ्ट धरून ९२ जागा. इंग्रजीला २६ अक्षरं, त्यांची कॅपिटल, आकडे, विरामचिन्हं. आरामात बसतं.

आता मराठी मोजा. व्यंजनंच ३४ ते ३६. जोडाक्षरासाठी प्रत्येकाचं अर्धं रूप धरलं तर ७० च्या आसपास. त्यात स्वर, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, रफार, १० आकडे. छापखान्यात ही अडचण नव्हती. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यात कंपोझिटर शेकडो खिळ्यांच्या खणांसमोर उभा राहून हातानं अक्षर जुळवायचा. टायपरायटरला शेकडो खण कुठून देणार? त्याच्याकडे जागा फक्त ९२.

मग ज्यांनी कीबोर्ड आखला त्यांनी काय केलं? त्यांनी अक्षर फोडलं. मला हा प्रकार फार आवडतो.

भ, ध, ख, ण, श ही अक्षरं नीट बघा. या सगळ्यांच्या उजव्या बाजूला एक उभी दांडी आहे. ती काढली की उरतं ते अर्धं अक्षर. मग बटणावर पूर्ण भ ठेवायचाच कशाला? फक्त अर्धा भ् ठेवा आणि दांडीला एक वेगळं बटण द्या. अर्धा भ् आणि दांडी, झाला भ. परत एकदा दांडी मारा, झाला भा. कारण ती दांडी म्हणजेच काना!

एकाच बटणाची दोन कामं. अक्षर पूर्ण करणं हे एक आणि काना देणं हे दुसरं. प्रोग्रॅमर मंडळींना कळेल, हा कोडचा पुनर्वापर आहे, फक्त लोखंडात केलेला. रोज लागणाऱ्या क, त, न, म, र अशा अक्षरांना पूर्ण बटण मिळालं. कमी लागणाऱ्यांना अर्धंच. कुठलं अक्षर कुठल्या बटणावर, हे मराठी आणि हिंदी मशीनवर वेगळं असलं तरी युक्ती हीच.

दुसरी युक्ती डेड की. एरवी बटण दाबलं की दांडा उठतो, रिबनवर आपटतो, अक्षर उमटतं आणि कॅरेज एक घर पुढे सरकतं. पण मात्रा, उकार, अनुस्वार तर अक्षराच्या वर किंवा खाली हवेत, पुढच्या घरात नाही. म्हणून त्यांची बटणं अशी बनवली की खूण उमटते पण कॅरेज जागचं हलत नाही. दोन ठोके, एकच घर.

आणि तिसरी गोष्ट पहिली वेलांटी. ‘कि’ बोलताना आधी क येतो, मग इ. पण कागदावर वेलांटी डावीकडे. मशीनला उच्चार कळत नाही, तिला फक्त डावीकडून उजवीकडे जाणं कळतं. त्यामुळे टायपिस्टनं आधी वेलांटी मारायची, मग क. उलट रफार, जो उच्चारात आधी येतो, तो मारायचा नंतर. ‘कर्म’ टाइप करताना क, म आणि मग डोक्यावर रफार. थोडक्यात, टायपिस्ट मराठी बोलत नव्हता, मराठी काढत होता, रांगोळी काढावी तशी.

[११:०५] मशीन बदलायचं की लिपी?

त्या काळात अनेकांना वाटलं, यंत्राला लिपी झेपत नसेल तर लिपीच सोपी करू. सावरकर, काकासाहेब कालेलकर, विनोबा. विचारांनी ही माणसं एकमेकांपासून किती लांब! पण तिघांनीही ‘अ’ची बाराखडी मांडली. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं नकोत, ‘अ’लाच वेलांटी-उकार लावा, म्हणजे अि, अी, अु, अू. जुन्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचे अंक कधी हातात आले तर बघा, तसं छापलेलं सापडेल. त्यात छपाईची आणि टायपिंगची सोय हे मोठं कारण होतं.

१९५३ साली लखनौच्या लिपी परिषदेत तर पहिली वेलांटीच उजवीकडे, आखूड दांडीनं लिहायची असं ठरलं होतं. लोकांना रुचलं नाही, काही वर्षांत तो निर्णय मागे पडला. विचार करा, तो टिकला असता तर आपण ‘किती’ हा शब्द वेगळाच वाचत मोठे झालो असतो.

दरम्यान मशीन मात्र देशी झालं. १९५५ मध्ये गोदरेजनं भारतात बनवलेला पहिला टायपरायटर बाजारात आणला. आणि आमच्या मराठवाड्याची गोष्ट तर आणखी वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सरकारी कारभार उर्दूत. आजही लातूर-नांदेडकडच्या कित्येक घरांत जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत आणि ते वाचून घ्यायला माणूस शोधावा लागतो. १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. मग महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आला आणि सरकारी कागद मराठीत हवा हे कायद्यानं ठरलं. कागद मराठीत हवा म्हणजे मशीन मराठी हवं आणि मशीनवर बसणारं माणूसही हवं.

त्या माणसांपैकी एक माझी आई.

[१४:२०] आईचं मशीन

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत, जिना चढून वर, आईनं टायपिंगचा क्लास केला. मराठी ३०, मग मराठी ४०. हे आकडे म्हणजे मिनिटाला शब्द. सरकारी परीक्षा, सरकारी सर्टिफिकेट. आज लातूर म्हटलं की नीटचे क्लास आठवतात, पण त्याआधी कित्येक घरांना महिन्याचा पगार या खडखडाटानं मिळवून दिलाय.

या भागासाठी मी भंगारवाल्याकडून एक जुनं मराठी मशीन आणलं. आई बघून म्हणाली, “हे काय करू लालास? घरात जागा हाय का?” आणि पाच मिनिटांनी स्वतःच स्टूल ओढून बसली. रिबन वाळलेली, रोलर कडक झालेला, पण बोटं बरोबर गेली. सगळ्यात जास्त झिजलेलं बटण कुठलं होतं सांगा? दांडीचं. कानाचं. ओळखू येणार नाही इतकं.

तिला विचारलं, सगळ्यात अवघड काय होतं? मला वाटलं, जोडाक्षरं म्हणेल. ती म्हणाली, “आडवी रेघ.”

आता ही आडवी रेघ म्हणजे काय? दोन शब्द म्हणून बघा. आचार्याला आणि आचाऱ्याला. पहिला गुरू, दुसरा स्वयंपाकी. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात र डोक्यावर चढतो, रफार होतो. दुसऱ्यात र आडव्या रेघेसारखा पुढच्या अक्षराला चिकटतो. हिंदीच्या लिखाणात ही रेघ लागत नाही. आपल्याला मात्र तऱ्हा, वाऱ्या, सुऱ्या, बऱ्याच, सगळीकडे लागते. आणि आडनावांत तर हमखास: कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाळे.

आईच्या क्लासमध्ये दोन हिंदी मशीन पण होत्या. नंबर नाही लागला की त्यांच्यावर बसावं लागायचं. तिथं ही रेघ नव्हतीच. मग पोरी सरळ डॅश मारायच्या आणि कॅरेज हातानं मागे घेऊन पुढचं अक्षर चिकटवायच्या. सर ओरडायचे, पण दुसरा इलाज नव्हता.

मग ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या आसपास किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. आई तेव्हा तेवीस वर्षांची, एका कचेरीत रोजंदारीवर टायपिस्ट. पुढचे कित्येक महिने तिनं याद्या टाइप केल्या. गेलेल्यांच्या, जखमींच्या, घर पडलेल्यांच्या. गाव, नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

याद्यांच्या प्रती खूप लागायच्या म्हणून स्टेन्सिलवर टाइप करायचं. टायपरायटरवर रिबनचा एक छोटा खटका असतो: निळा, लाल, पांढरा. आमच्या मशीनवर तो बघून मला वाटलं होतं, पांढऱ्या रंगाची रिबन कशाला? पांढरा म्हणजे रिबनच बाजूला. टाइप सरळ मेणाच्या कागदावर आपटतो, अक्षराचं भोक पडतं, मग ती स्टेन्सिल सायक्लोस्टाईलवर चढवून पाहिजे तेवढ्या प्रती. चूक झाली की वरून फ्लुइड लावायचं, वाळू द्यायचं, परत त्याच घरात ठोका मारायचा. त्यात अक्षर फाटायची भीती.

आई म्हणाली, “यादीत नाव चुकलं तर माणूस परत कचेरीत येतंय. घर पडलेलं, घरातलं माणूस गेलेलं, आणि ते रांगेत उभं राहून म्हणतंय, बाई, माझं आडनाव असं नाही. ते ऐकू वाटत नव्हतं. म्हणून आम्ही दोघी मिळून वाचायचो. एक मोठ्यानं म्हणायची, एक बघायची.”

म्हणजे तपासायची पद्धत होती. दोन माणसं, एक आवाज.

[१९:३०] कॉम्प्युटरनं काय केलं?

कॉम्प्युटर आला तेव्हा दोन वाटा तयार झाल्या.

पहिली वाट म्हणजे टायपरायटर जसाच्या तसा कॉम्प्युटरमध्ये घालायचा. कृतीदेवसारख्या फॉन्टनी तेच केलं. खाली इंग्रजी अक्षर साठवलेलं, वर देवनागरी चित्र. के दाबलं की काना, तीच दांडी. फॉन्ट असेल तर सगळं झकास. नसेल तर? कृतीदेवमध्ये लिहिलेलं ‘लातूर’ फॉन्टशिवाय दिसतं वाय-के-आर-डब्ल्यू-जे. जुन्या सरकारी फाइल उघडल्यावर जो कचरा दिसतो ना, तो कचरा नाही. ते टायपरायटरवरचे ठोके आहेत, ओळीनं नोंदलेले.

दुसरी वाट इन्स्क्रिप्टची. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं काम पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये आलं आणि त्यात मोहन तांबे यांचं नाव महत्त्वाचं. यांनी विचारच उलटा केला. अक्षर कसं दिसतं ते कॉम्प्युटर बघेल, माणसानं कसं बोलतो तसं टाइप करावं. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क वर शिफ्ट मारलं की ख, ग वर मारलं की घ. हलन्ताला स्वतंत्र बटण. अर्धी अक्षरं कीबोर्डवरून हद्दपार. ‘कि’ म्हणजे आधी क, मग वेलांटी, बोलतो तसं. आणि सगळ्या भारतीय लिप्यांना हाच आराखडा. देगलूर-धर्माबादकडच्या माणसाला मराठी येत असेल तर तेलुगूचा क त्याच बटणावर सापडतो.

या विचारातून इस्की नावाचं मानक आलं, १९९१ मध्ये ते पक्कं झालं, आणि युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच पायावर उभी राहिली.

आणि आपली आडवी रेघ? युनिकोडमध्ये तिला स्वतःचं घर नाही. तिथं ऱ असं एक अक्षर आहे, खाली टिंब असलेला र. ते ठेवलंय दक्षिणेकडच्या भाषांतला एक र देवनागरीत लिहिण्यासाठी. त्याला हलन्त लावलं की जे अर्धं रूप दिसतं ती आपली आडवी रेघ. म्हणजे मराठीची रेघ दुसऱ्याच्या घरात भाडेकरू म्हणून राहते. इन्स्क्रिप्टवर ते शिफ्ट आणि जे वर मिळतं. पण त्याच रेघेचा दुसराही रस्ता आहे: साधा र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर. हे एक अदृश्य चिन्ह, रुंदी शून्य. त्याचं काम फक्त एवढंच सांगणं की रफार करू नको, अर्धा र दाखव.

दोन्ही रस्ते चालतात. दोन्हीकडे रेघ सारखीच दिसते.

ॲ चं पण असंच झालं. ते एकसंध अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये. तोपर्यंत लोक अ वर चंद्र चढवून काम भागवत होते. आज दोन्ही प्रकार सगळीकडे पसरलेत.

[२४:१५] सात आणि आठ

आता परत त्या रात्रीकडे येऊ.

वडिलांची नोंद: कर्‍हाळे. मुलीचा अर्ज: कऱ्हाळे. पहिल्यात जॉइनर, म्हणून ८ चिन्हं. दुसऱ्यात ऱ, म्हणून ७. माणसाच्या डोळ्याला एक नाव, मशीनला दोन माणसं. आणि गंमत म्हणजे युनिकोडचं जे प्रमाणीकरण असतं, ते इथे कामाला येत नाही. र आणि खालचं टिंब वेगवेगळं लिहिलं असेल तर ते जोडून देतं, पण जॉइनरवाल्या प्रकाराला हात लावत नाही. ते काम प्रोग्रॅमरनं स्वतः करायचं असतं. त्या पोर्टलवर कुणी केलं नव्हतं. मी नावं ठेवणार नाही, कारण दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन माझा स्वतःचा कोड बघितला. मी पण केलं नव्हतं.

मित्राला म्हटलं, बहिणीचं आडनाव टाइप करू नका. वडिलांच्या नोंदीतून कॉपी करा आणि पेस्ट करा. त्यानं केलं. अर्ज गेला, प्रमाणपत्र मुदतीच्या आदल्या दिवशी हातात पडलं. पोरगी आता कॉलेजात आहे.

आईला हे सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तुमच्याकडं मोठ्यानं वाचणारं कुणी नसतंय का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात मी आमच्या कोडमध्ये एक छोटं फंक्शन टाकलं. नाव साठवण्याआधी र, हलन्त आणि जॉइनर दिसलं की त्याचं ऱ आणि हलन्त करायचं, अ आणि चंद्राचं ॲ. जेमतेम सहा ओळी.

गोदरेजनं टायपरायटरचं उत्पादन २००९ मध्ये थांबवलं. २०११ मध्ये ती बातमी जगभर फिरली आणि सगळ्यांनी टायपरायटरला निरोप दिला. पण बघा, दांडीचं बटण अजून कृतीदेवच्या के वर आहे, आणि हिंदी मशीनवर न मिळालेली ती रेघ तीस वर्षांनी नांदेडच्या एका पोरीच्या अर्जात आडवी आली. कीबोर्ड आखताना कुठल्या अक्षराला जागा द्यायची हे कुणीतरी एका टेबलावर बसून ठरवतं, आणि त्याची रांग दुसरंच कुणी लावतं.

जाता जाता एक काम देतो. आत्ता फोन हातात आहेच. मराठी कीबोर्ड उघडा आणि ‘आचाऱ्याला’ टाइप करून बघा. रेघ पहिल्या झटक्यात आली का, की शोधावी लागली? आणि तुमच्या आडनावात अशी रेघ असेल, ॲ असेल, ळ असेल आणि कागदावर ते चुकलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. आडनाव मोठ्यानं म्हणा. पुढच्या भागात ऐकवीन.

चला, भेटू.